कर्करोगोपचार आणि पूर्वमंजुरी : मॅनेज्ड केअर व्यवस्थेतील केस मॅनेजर व वैद्यकांच्या शिक्षणाचा प्रश्न

गोषवारा

अमेरिकेतील मॅनेज्ड केअर व्यवस्थेत कर्करोगाच्या रुग्णाला कोणता उपचार मिळावा, हे केवळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मतावर ठरत नाही. विमा योजनेचा केस मॅनेजर आणि योजनेचे वैद्यकीय परीक्षक यांच्या संमतीनंतरच महागडे उपचार प्रत्यक्षात सुरू होतात. त्यामुळे या दोन घटकांना कर्करोगोपचाराचे ज्ञान किती व कोणत्या स्वरूपाचे असावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात स्तनाच्या कर्करोगावरील उच्च मात्रेची केमोथेरपी व अस्थिमज्जा प्रत्यारोपण या १९९० च्या दशकातील गाजलेल्या प्रकरणाच्या आधारे या शिक्षणाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. मंजूर उपचारांची यादी पाठ असणे म्हणजे शिक्षण नव्हे. मंजुरी असो वा नकार, त्याचे कारण पुराव्यानिशी सांगता येणे हेच या शिक्षणाचे खरे फलित होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मॅनेज्ड केअर, केस मॅनेजर, पूर्वमंजुरी, कर्करोगोपचार, पुराव्यावर आधारित वैद्यक, व्यावसायिक शिक्षण.

प्रस्तावना

कर्करोग हा एक रोग नसून अनेक रोगांचा समूह आहे. अवयव, पेशींचा प्रकार, रोगाचा टप्पा आणि पेशींचे जनुकीय गुणधर्म यांनुसार त्याचे उपचार बदलतात. एकाच वॉर्डात शेजारी असलेल्या, एकाच अवयवाचा कर्करोग झालेल्या दोन रुग्णांना सर्वस्वी भिन्न औषधे दिली जातात आणि दोन्ही निर्णय योग्य असतात. सर्वसामान्य माणसाला हे गूढ वाटते. परंतु उपचाराच्या खर्चाला मान्यता देणाऱ्या यंत्रणेलाही ते तितकेच गूढ वाटत असेल, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेही हा विषय विचारार्ह आहे. येथील विद्यार्थी प्रौढ आहेत, स्वतःच्या व्यवसायात अनुभवी आहेत आणि त्यांच्या प्रत्येक निर्णयाला काळाचे व पैशाचे बंधन आहे. शिवाय त्यांनी शिकायचा विषय दर काही महिन्यांनी बदलतो. अशा विद्यार्थ्याला नेमके काय शिकवावे? या प्रश्नाचा शोध घेण्यापूर्वी ती व्यवस्था आणि तिच्यातील भूमिका समजून घेणे आवश्यक आहे.

१. मॅनेज्ड केअर : व्यवस्था आणि भूमिका

पारंपरिक आरोग्य विम्यात डॉक्टर उपचार करतात, देयक पाठवतात आणि विमा कंपनी ते चुकते करते. या पद्धतीत खर्चावर नियंत्रण राहत नाही, ही तक्रार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत गेली. त्यावरचा एक उपाय म्हणून १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन कायदा संमत झाला. एचएमओ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्था सभासदाकडून ठरावीक वर्गणी घेतात आणि ठरावीक डॉक्टर व रुग्णालयांच्या जाळ्यातून त्याला सेवा पुरवतात. पैसे देणारा आणि सेवेचे नियोजन करणारा येथे एकच असतो. या पद्धतीला व तिच्यातून निघालेल्या इतर प्रकारांना मिळून मॅनेज्ड केअर असे म्हणतात.

या व्यवस्थेची प्रमुख साधने तीन आहेत. पहिले, तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी प्राथमिक डॉक्टरची शिफारस. दुसरे, महागड्या उपचारांसाठी पूर्वमंजुरी. तिसरे, गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी केस मॅनेजमेंट. केस मॅनेजर हा बहुधा अनुभवी परिचारक, परिचारिका किंवा समाजकार्यकर्ता असतो. रुग्णाच्या गरजा समजून घेणे, उपचारांचा क्रम जुळवणे, घरी लागणाऱ्या सेवांची व्यवस्था करणे आणि रुग्ण, डॉक्टर व विमा योजना यांच्यात दुवा साधणे ही त्याची कामे होत. या व्यवसायाला १९९० च्या दशकात स्वतंत्र ओळख मिळाली. केस मॅनेजमेंट सोसायटी ऑफ अमेरिका ही संघटना १९९० मध्ये स्थापन झाली आणि तिने १९९५ मध्ये व्यवसायाची मानके प्रसिद्ध केली.

वैद्यकीय परीक्षकाची भूमिका वेगळी आहे. तो स्वतः डॉक्टर असतो. मात्र रुग्णाला तपासत नाही. त्याच्यासमोर कागदपत्रे असतात आणि मागितलेला उपचार ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ आहे की ‘प्रायोगिक’, हे त्याला ठरवायचे असते. पुष्कळदा तो कर्करोगतज्ज्ञ नसतो. उपचार करणारा कर्करोगतज्ज्ञ आणि हा परीक्षक दूरध्वनीवर बोलतात तेव्हा पद समान असले तरी ज्ञान समान नसते. केस मॅनेजर रुग्णाच्या जवळ असतो, पण निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे नसतो. परीक्षकाकडे अधिकार असतो, पण तो रुग्णापासून दूर असतो. शिक्षणाची गरज या दोघांमधील अंतरातून निर्माण होते.

२. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे प्रकरण

या गरजेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरील उच्च मात्रेची केमोथेरपी. या उपचारामागील तर्क साधा आणि आकर्षक होता. केमोथेरपीची मात्रा वाढवली तर कर्करोगाच्या अधिक पेशी मरतील. पण मात्रा फार वाढवली तर रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाही नष्ट होते. म्हणून रुग्णाची अस्थिमज्जा किंवा रक्तातील मूलपेशी आधी काढून जपून ठेवायच्या, मग प्रखर मात्रा द्यायची आणि नंतर त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. १९८० च्या दशकात झालेल्या लहान अभ्यासांमध्ये अनेक रुग्णांची गाठ मोठ्या प्रमाणावर आक्रसल्याचे दिसून आले. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर त्या काळी फारसे प्रभावी उपचार नव्हते. साहजिकच रुग्ण व डॉक्टर या दोघांच्याही आशा पल्लवित झाल्या.

मात्र या अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. प्रत्यारोपणासाठी निवडलेल्या स्त्रिया तुलनेने तरुण होत्या, त्यांचे हृदय, यकृत व मूत्रपिंडे सुस्थितीत होती आणि सुरुवातीच्या केमोथेरपीला त्यांच्या रोगाने प्रतिसाद दिलेला होता. अशा स्त्रिया नेहमीच्या उपचारानेही अधिक काळ जगल्या असत्या काय, हा प्रश्न अनुत्तरित होता. टेक्सासमधील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, प्रत्यारोपणाच्या निकषांत बसणाऱ्या रुग्णांना केवळ नेहमीची केमोथेरपी दिली असतानाही त्यांचे आयुर्मान इतर रुग्णांपेक्षा अधिक होते. म्हणजे दिसणाऱ्या यशाचा काही भाग उपचाराचा नसून निवडीचा होता.

दरम्यान विमा कंपन्यांसमोर अर्ज येऊ लागले होते. उपचाराचा खर्च एका रुग्णामागे एक लाख डॉलरच्या घरात जात असे. कंपन्या तो ‘प्रायोगिक’ म्हणून नाकारत किंवा मंजूर करत; पण या निर्णयांत सुसंगती नव्हती. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ मध्ये ५३३ रुग्णांच्या अर्जांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७७ टक्के अर्ज मंजूर झाले होते. परंतु मंजुरी व नकार यांची संगती रुग्णाच्या वैद्यकीय स्थितीशी किंवा चाचणीच्या रचनेशी लागत नव्हती. एकाच विमा कंपनीने एकाच प्रकारच्या उपचाराबाबत वेगवेगळे निर्णय दिल्याचेही आढळले.

कॅलिफोर्नियातील नेलीन फॉक्स या तीन मुलांच्या आईचे प्रकरण याच काळातील होय. हेल्थ नेट या एचएमओने त्यांना हा उपचार प्रायोगिक असल्याच्या कारणावरून नाकारला. कुटुंबीयांनी व परिचितांनी निधी उभारला आणि त्यांनी उपचार घेतला. पण एप्रिल १९९३ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. डिसेंबर १९९३ मध्ये रिव्हरसाइड परगण्यातील ज्यूरीने कंपनीला सुमारे ८.९ कोटी डॉलर भरण्याचा निर्णय दिला. त्यांपैकी ७.७ कोटी डॉलर ही दंडात्मक भरपाई होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे आर्थिक लाभ खर्चकपातीशी जोडलेले होते, ही बाब खटल्यात पुढे आली होती. पुढे हे प्रकरण कमी रकमेच्या तडजोडीने मिटले; पण विमा क्षेत्राला बसलेला धक्का मोठा होता. १९९४ मध्ये संघराज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या सर्व आरोग्य विमा योजनांना हा उपचार समाविष्ट करण्याचे बंधन घातले. काही राज्यांनी तसे कायदेही केले.

याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. उपचार सहज मिळू लागल्याने यादृच्छिक चाचणीत सहभागी होण्यास रुग्ण तयार होईनात, कारण चाचणीत चिठ्ठी पडावी तसा जुना उपचार वाट्याला येण्याची शक्यता असे. फिलाडेल्फियाच्या नेतृत्वाखालील चाचणीला रुग्ण मिळवण्यासाठी सुमारे सात वर्षे लागली. मे १९९९ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या अधिवेशनात पाच चाचण्यांचे निष्कर्ष मांडले गेले. चार चाचण्यांत प्रत्यारोपणाचा लाभ दिसला नाही. पाचवी, दक्षिण आफ्रिकेतील वर्नर बेझवोडा यांची चाचणी तेवढी अनुकूल होती. परंतु २००० च्या प्रारंभी अमेरिकी तपासणी पथकाने तिच्या नोंदी पडताळल्या तेव्हा त्यांत गंभीर गैरप्रकार आढळले आणि बेझवोडा यांनी तो मान्य केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फिलाडेल्फिया चाचणीत तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण प्रत्यारोपण गटात ३२ टक्के, तर नेहमीच्या केमोथेरपीच्या गटात ३८ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. म्हणजेच प्रत्यारोपणाने आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. या काळात अमेरिकेत किती स्त्रियांवर हा उपचार झाला याचे अंदाज २३,००० ते ४०,००० असे आहेत. अधिक यातना, अधिक खर्च आणि काहींच्या बाबतीत उपचारामुळेच आलेला मृत्यू, एवढे त्यातून हाती आले.

३. या प्रकरणाचा शैक्षणिक अर्थ

या प्रकरणाचे दोन सोपे अर्थ लावले जातात. विमा कंपन्या नफेखोर होत्या, हा एक. आणि अखेर कंपन्यांचेच बरोबर ठरले, हा दुसरा. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. उपचार सिद्ध झालेला नाही, हे कंपन्यांचे म्हणणे वैज्ञानिकदृष्ट्या खरे होते. तरीही ज्यूरीने त्यावर विश्वास ठेवला नाही, कारण ते म्हणणे सर्वांना सारखे लागू केले जात नव्हते आणि त्यामागे पुराव्याचा विचार आहे की पैशाचा, हे ओळखण्याचा मार्ग रुग्णाकडे नव्हता. योग्य निर्णयसुद्धा संशयास्पद कारणाने किंवा कारण न देता घेतला गेला, तर तो अन्यायासारखाच दिसतो. शिवाय अशा नकाराने पुढच्या वेळी खऱ्या वैज्ञानिक आक्षेपाचेही वजन कमी होते.

दुसऱ्या बाजूला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेही शिक्षण अपुरे पडले. गाठ आक्रसणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे, आणि निवडलेल्या रुग्णांतील यश म्हणजे उपचाराचे यश नव्हे, हे भेद वैद्यकीय अभ्यासक्रमात असतात. पण आशेच्या दबावाखाली ते विसरले गेले.

येथे आणखी एक दक्षता आवश्यक आहे. या प्रकरणावरून ‘प्रत्यारोपण निरुपयोगी’ असा धडा कोणी घेतला, तर तो नवी चूक करील. उलटून आलेल्या, पण केमोथेरपीला प्रतिसाद देणाऱ्या आक्रमक लिम्फोमामध्ये हाच उपचार उपयुक्त आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्मा चाचणीत पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण प्रत्यारोपण गटात ५३ टक्के आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात ३२ टक्के होते. उपचार तोच, रोग वेगळा आणि उत्तर उलट. म्हणूनच ‘हा उपचार चालतो का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या रुग्णात, कोणत्या टप्प्यावर, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या पुराव्यानुसार?’ हा पूर्ण प्रश्न होय. केस मॅनेजर व परीक्षक यांना हा प्रश्न विचारता येणे हे शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट ठरते.

४. शिक्षणाचा आशय

वरील विवेचनाच्या आधारे या शिक्षणाचे पाच घटक सांगता येतात.

(अ) निदानाची भाषा : उपचाराच्या अर्जातील पहिली माहिती म्हणजे बायॉप्सीचा अहवाल आणि रोगाचा टप्पा. गाठीचा आकार, लसिकाग्रंथींतील प्रसार आणि दूरच्या अवयवांतील प्रसार या तीन बाबींवरून टप्पा ठरतो. त्याखेरीज पेशींचे गुणधर्म पाहावे लागतात. ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते हर-टू हे प्रथिन अतिरिक्त प्रमाणात असलेल्या स्तनाच्या कर्करोगावरच लागू पडते आणि असे रुग्ण साधारणतः १५ ते २० टक्के असतात. अहवालात या चाचणीचा निष्कर्ष ‘दोन अधिक’ असा संदिग्ध असेल, तर फिश ही दुसरी चाचणी आवश्यक असते. हे ठाऊक असलेला केस मॅनेजर अर्ज नाकारला जाण्याची वाट पाहत नाही. तो त्याच दिवशी रुग्णालयाला दूरध्वनी करून राहिलेला अहवाल मागवतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्याकडून तोच अर्ज अपूर्ण म्हणून परत जातो आणि रुग्णाचे दोन आठवडे वाया जातात.

(आ) उपचाराचा हेतू : रोग बरा करणे, शस्त्रक्रियेनंतर तो उलटण्याची शक्यता कमी करणे, आयुष्य वाढवणे आणि त्रास कमी करणे हे चार वेगळे हेतू आहेत. एकच औषध या चारही हेतूंनी दिले जाऊ शकते. मात्र किती काळ द्यायचे, किती दुष्परिणाम स्वीकारायचे आणि केव्हा थांबायचे, हे हेतूवर अवलंबून असते. त्यासाठी रुग्णाची कार्यक्षमता मोजणाऱ्या श्रेणीचे ज्ञानही आवश्यक आहे. ईकॉग श्रेणीत शून्य म्हणजे पूर्ववत हालचाल करणारा रुग्ण, तर चार म्हणजे पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला रुग्ण. अर्जात हेतू आणि श्रेणी या दोन्ही बाबी नसतील, तर त्यावरचा कोणताही निर्णय अंदाजच ठरतो.

(इ) पुराव्याची प्रतवारी : १९९५ मध्ये अमेरिकेतील १३ कर्करोग केंद्रांनी नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्क ही संघटना स्थापन केली. तिची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत प्रत्येक शिफारशीला १, २अ, २ब किंवा ३ अशी श्रेणी दिलेली असते. श्रेणी १ म्हणजे उच्च प्रतीचा पुरावा व तज्ज्ञांचे एकमत; श्रेणी ३ म्हणजे तज्ज्ञांत मोठा मतभेद. बहुसंख्य शिफारशी २अ या श्रेणीत येतात, म्हणजे पुरावा सर्वोच्च प्रतीचा नसला तरी एकमत असते. केवळ ‘श्रेणी १ नाही’ म्हणून अर्ज नाकारणारा परीक्षक त्यामुळे कर्करोगोपचाराचा मोठा भाग नाकारत असतो. २००८ मध्ये शासकीय मेडिकेअर योजनेने या संघटनेची औषधसूची खर्चमान्यतेचा एक आधार म्हणून स्वीकारली. ही तत्त्वे वारंवार सुधारली जातात. म्हणून त्यांतील मजकूर पाठ करण्यापेक्षा ती शोधण्याची व वाचण्याची सवय लावणे अधिक उपयुक्त आहे.

पुरावा नेहमी अधिक उपचाराच्याच बाजूने जातो असेही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलर-एक्स या चाचणीत, संप्रेरक-संवेदनशील व लसिकाग्रंथींत न पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांचा २१ जनुकांच्या तपासणीतील गुणांक मध्यम होता, त्यांच्यापैकी बहुतेकींना केमोथेरपीचा अतिरिक्त लाभ होत नसल्याचे दिसून आले. पन्नाशीच्या आतील काही स्त्रिया याला अपवाद होत्या. येथे एका चाचणीला मंजुरी देणे म्हणजे अनेक स्त्रियांची अनावश्यक केमोथेरपी टाळणे होय. खर्च आणि रुग्णहित यांत नेहमी विरोध असतो, हा समज अशा उदाहरणांनी दूर होतो.

(ई) तातडीचे प्रसंग : केमोथेरपीनंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात रुग्णाला ३८.३ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आला, अथवा ३८ अंशांचा ताप तासभर टिकला, तर तो साधा ताप समजता येत नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या तासाभरात प्रतिजैविकाची पहिली मात्रा दिली जावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा रुग्णाचा दूरध्वनी केस मॅनेजरला आला असता ‘आधी प्राथमिक डॉक्टरांची शिफारस घ्या’ हे उत्तर प्राणघातक ठरू शकते. तातडीच्या सेवेसाठी पूर्वमंजुरीची अट नसावी, हे तत्त्व शासकीय मॅनेज्ड केअर योजनांसाठी १९९७ च्या कायद्याने मान्य केले आहे. सामान्य विवेकाच्या माणसाला स्थिती तातडीची वाटणे तेथे पुरेसे मानले जाते. परंतु कायद्यातील तत्त्व दूरध्वनी घेणाऱ्याच्या लक्षात असणे हे शिक्षणाचेच काम आहे. मणक्यातील मज्जारज्जूवर येणारा दाब हाही असाच प्रसंग होय. कर्करोगाच्या रुग्णाला नव्याने पाठदुखी सुरू होऊन पायांतील शक्ती कमी झाली, तर काही तासांच्या विलंबाने कायमचे पांगळेपण येऊ शकते.

(उ) परिहारक सेवा आणि संवाद : परिहारक सेवा म्हणजे उपचार संपल्यावरची शेवटची सोय, असा गैरसमज वैद्यकांतही आढळतो. बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो खोडून काढला. निदानानंतर लगेच परिहारक सेवा मिळालेल्या रुग्णांचे जीवनमान सुधारले, नैराश्य कमी झाले, अखेरच्या काळातील आक्रमक उपचार घटले आणि तरीही मध्यमान आयुष्य ८.९ ऐवजी ११.६ महिने झाले. अशा सेवेची सूचना सर्वांत आधी करू शकणारी व्यक्ती म्हणजे केस मॅनेजर. मात्र ती सूचना ‘आता खर्च थांबवा’ अशी ऐकू येऊ नये, यासाठी संवादाचे प्रशिक्षण लागते. न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये सुरू केलेला रुग्ण-मार्गदर्शकांचा उपक्रम या संदर्भात उल्लेखनीय आहे. गरीब रुग्ण तपासणी आणि उपचार यांच्या मधल्या टप्प्यात हरवतात, हे ओळखून त्यांना हात धरून पुढे नेणारी माणसे तेथे नेमण्यात आली. केस मॅनेजरने द्वारपाल न राहता वाटाड्या व्हावे, ही अपेक्षा या उपक्रमाशी मिळतीजुळती आहे.

५. ‘प्रायोगिक’ या शब्दाचा तिसरा अर्थ आणि शिक्षणाच्या मर्यादा

प्रत्यारोपणाच्या प्रकरणात यंत्रणेला दोनच मार्ग दिसत होते : मंजुरी किंवा नकार. प्रत्यक्षात तिसरा मार्ग होता, तो म्हणजे सुयोग्य यादृच्छिक चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाचा खर्च उचलणे. तो मोठ्या प्रमाणावर वापरला असता, तर प्रश्नाचे उत्तर काही वर्षे आधी आणि कितीतरी कमी स्त्रियांच्या यातनांनंतर मिळाले असते. पुढे हा मार्ग धोरणात आला. २००० मध्ये मेडिकेअरने चाचण्यांतील नेहमीच्या सेवांचा खर्च मान्य केला आणि २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याने २०१४ पासून तो खाजगी विम्यालाही लागू केला. म्हणून ‘प्रायोगिक’ हा शिक्का दिसताच संभाषण संपवण्याऐवजी ‘या रुग्णासाठी चाचणी उपलब्ध आहे का?’ असे विचारणे हे प्रशिक्षित केस मॅनेजरचे लक्षण मानले पाहिजे.

तथापि, सर्व दोष अज्ञानाचे नसतात. परीक्षकाचे मानधन नकारांच्या संख्येवर अवलंबून असेल, तर त्याला कितीही शिकवले तरी निर्णय बदलणार नाही. ज्ञानाने चुकीचा निर्णय टाळता येतो. हितसंबंधातून आलेला निर्णय टाळण्यासाठी नियम लागतात. स्वतंत्र बाह्य पुनर्विलोकनाचा हक्क हा असाच एक नियम आहे. अमेरिकी शासनाने २०२४ मध्ये अंतिम केलेल्या नियमानुसार २०२६ पासून मेडिकेअर ॲडव्हांटेज व मेडिकेडसारख्या योजनांनी तातडीच्या अर्जांवर ७२ तासांत आणि इतर अर्जांवर सात दिवसांत निर्णय द्यावयाचा असून, नकाराचे विशिष्ट कारण सांगणे बंधनकारक केले आहे. हा नियम औषधांच्या मंजुरीला लागू नाही, ही त्याची मर्यादा कर्करोगाच्या संदर्भात मोठी आहे. तरीही कारण सांगण्याची सक्ती आली की कारण शोधण्याची गरज निर्माण होते, आणि तेथे नियम व शिक्षण एकमेकांना पूरक ठरतात.

६. महाराष्ट्राच्या संदर्भातील विचार

अमेरिकेतील व्यवस्था भारतात जशीच्या तशी नाही. परंतु पूर्वमंजुरी ही संकल्पना महाराष्ट्रातील रुग्णांना अपरिचित राहिलेली नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ मध्ये राज्यभर विस्तारलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. या योजनांत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा समावेश असून उपचारापूर्वी संगणकीय प्रणालीवर मंजुरी घ्यावी लागते. अंगीकृत रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र हा रुग्णाला भेटणारा योजनेचा पहिला माणूस असतो. त्याचे काम मुख्यतः नोंदणी, कागदपत्रे आणि मार्गदर्शन यांचे असले, तरी कोणता अहवाल राहिला आहे हे रुग्णाच्या नातेवाइकांना तोच सांगतो. या अर्थाने तो केस मॅनेजरचा दूरचा सगोत्र होय.

पुराव्याच्या आधाराची सोयही येथे उपलब्ध आहे. १९४१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड हे जाळे उभे राहिले. आज त्यात ३०० हून अधिक केंद्रे व संस्था सहभागी असून भारतीय परिस्थितीला अनुरूप उपचारतत्त्वे या जाळ्याने सर्वांसाठी खुली केली आहेत. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील एखाद्या रुग्णाचे नातेवाईक कागदपत्रांसाठी गाव आणि शहर अशा खेपा घालतात, तेव्हा प्रत्येक खेपेमागे बुडालेली मजुरी असते. आरोग्यमित्रांच्या प्रशिक्षणात कर्करोगाच्या निदानाची प्राथमिक भाषा आणि केमोथेरपीनंतरच्या तापासारख्या धोक्याच्या खुणा यांचा समावेश झाल्यास अशा खेपा निश्चितच कमी होतील. परिचर्या, समाजकार्य आणि आरोग्य व्यवस्थापन या शाखांच्या महाविद्यालयांना येथे अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांच्या रूपाने मोलाचे योगदान देता येईल.

समारोप

कर्करोगोपचाराच्या खर्चावर मर्यादा असणे अपरिहार्य आहे. कोणतीही योजना प्रत्येक मागणी मान्य करू शकत नाही आणि प्रत्येक मागणी मान्य करणे रुग्णाच्या हिताचे असतेच असेही नाही, हे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे. त्याच प्रकरणाने हेही दाखवले की, कारणाविना दिलेला नकार न्यायालयात, लोकमतात आणि अखेर विज्ञानाच्या व्यवहारातही महाग पडतो. म्हणून केस मॅनेजर व वैद्यक यांच्या शिक्षणाची कसोटी त्यांना किती औषधांची नावे येतात ही नसावी. समोरच्या रुग्णाला ‘हा उपचार तुम्हाला का मिळत आहे’ किंवा ‘का मिळत नाही आणि त्याऐवजी काय करता येईल’ हे त्याला समजेल अशा भाषेत, पुराव्याला धरून आणि वेळेत सांगता येते काय, ही ती कसोटी होय. एवढे साधले तर नकार मिळालेल्या रुग्णाचाही व्यवस्थेवरील विश्वास टिकून राहू शकेल.